प्रकल्प नोंदी: बाधित ग्राहकांची लाइन न कापता

३ फेब्रुवारी

आमच्या इंटरनेट पुरवठादार कंपनीत कामाचा आदेश आला: मालवेअरने (घातक प्रोग्रामने) बाधित झालेल्या ग्राहकांची जोडणी आपोआप बंद करणारी यंत्रणा उभारायची. कारण उघड आहे. आपल्या जाळ्यातून स्पॅम जातो, हल्ले जातात, मग आपल्या आयपी पत्त्यांचा अख्खा गट ब्लॉकलिस्टवर, म्हणजे अडवायच्या पत्त्यांच्या यादीवर, चढतो. त्यानंतर ज्याच्या घरात काहीही बिघडलेलं नाही त्याचीही ईमेल समोरचा सर्व्हर घेत नाही. काहीतरी करायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही.

दुमत आहे ते लाइन पूर्ण बंद करण्याबद्दल. आज हे काम हाताने चालतं. तक्रार डेस्क खातं बंद करतो आणि शेऱ्यात 'बॉट' (मालवेअरमुळे दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं यंत्र) एवढंच लिहितो. ग्राहकाला वाटतं, नेट गेलं. तो फोन करतो. सेवा केंद्र लाइन तपासतं, ती ठीक निघते. राउटर बंद-चालू करायला सांगतात. मग माणूस पाठवतात. कुणीतरी तो शेरा वाचेपर्यंत दिवस जातात. या सगळ्या काळात अपडेट उतरवायला, सफाईचं साधन घ्यायला, निदान काय झालंय ते वाचायला त्या माणसाकडे नेट नसतं. ज्या वाटेने दुरुस्ती यायची तीच वाट आपण अडवतो.

माझा प्रस्ताव: लाइन चालू ठेवायची, पण वेगळ्या कप्प्यात. तिथून दुरुस्तीला लागणाऱ्या जागा उघडतील, बाकी काही नाही. आणि बाहेर पडायची किल्ली ग्राहकाच्या हातात. वरिष्ठांनी ऐकून घेतलं. "आधी कुणी केलंय का, ते दाखवा," म्हणाले. रास्त प्रश्न.

६ फेब्रुवारी

वाचन. हे काम नवं नाही. जपानमध्ये २००६ ते २०११ सायबर क्लीन सेंटर चाललं. फिनलंडमध्ये नियामक संस्थेची ऑटोरिपोर्टर यंत्रणा २००६पासून बाधित पत्ते पुरवठादारांना आपोआप कळवत आली. जर्मनीत २०१०मध्ये सल्ला केंद्र सुरू झालं, ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी पुरवठादारांनी स्वेच्छेने पाळायची आयकोड ही आचारसंहिता आली, भारतात २०१७मध्ये सायबर स्वच्छता केंद्र. कॉमकास्ट या अमेरिकी पुरवठादाराने ग्राहकाच्या ब्राउझरमध्येच सूचना दाखवायची आपली पद्धत २०११मध्ये आरएफसी ६१०८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) म्हणून जाहीर केली. आणि मार्च २०१२चा आरएफसी ६५६१ तर याच विषयावर आहे: पुरवठादाराच्या जाळ्यातले बॉट कसे ओळखावेत, ग्राहकाला कसं कळवावं, सफाई कशी करून घ्यावी. बैठकीला जाणाऱ्या प्रत्येकाला तो वाचायला दिला.

पुरवठादारानेच का करायचं, याचं उत्तर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेसाठी २०१०मध्ये झालेल्या एका अभ्यासात सापडलं. स्पॅम कुठून येतो हे मोजलं तेव्हा जगातली सुमारे निम्मी बाधित यंत्रं फक्त ५० पुरवठादारांच्या जाळ्यांत निघाली. लाखो घरांपर्यंत पोचणं कुणालाच जमणार नाही. पन्नास कंपन्यांपर्यंत जमू शकतं.

सगळ्यात जास्त वेळ डीएनएस चेंजरवर गेला. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा. हे मालवेअर संगणकाची डीएनएस मांडणी बदलून सगळी नावं गुन्हेगारांच्या सर्व्हरकडून विचारायला लावायचं. नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयने एस्टोनियातल्या टोळीवर कारवाई केली. शंभराहून अधिक देशांत सुमारे ४० लाख संगणक बाधित होते. आता ते सर्व्हर नुसते बंद केले असते, तर या सगळ्यांचं इंटरनेट एका क्षणात गेलं असतं आणि संगणक तसेच बाधित राहिले असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमने त्या जागी स्वच्छ सर्व्हर चालवले. मुदत आधी ८ मार्च २०१२ होती, ती ९ जुलैपर्यंत वाढवली. मधल्या काळात गूगल आणि फेसबुक बाधितांना इशारे दाखवत होते, वर्तमानपत्रांत बातम्या होत्या. तरी शेवटच्या दिवशी लाखो पत्ते उरलेच, आणि काही पुरवठादारांनी आपल्या ग्राहकांसाठी पर्यायी डीएनएस पुढेही चालू ठेवला.

दोन गोष्टी वहीत ठळक केल्या. इतका मोठा इशाराही सगळ्यांपर्यंत पोचत नाही. आणि सरसकट तोडल्याने माणूस अडतो, मालवेअर जागच्या जागी राहतं.

११ फेब्रुवारी

ओळख पटवण्याचं काम सुरू. बाधित पत्त्यांची माहिती बाहेरून येते. मुख्य स्रोत शॅडोसर्व्हर फाउंडेशनचे रोजचे अहवाल; जाळ्याच्या मालकाला ते मोफत मिळतात. जप्त केलेलं किंवा ताब्यात घेतलेलं बॉटनेटचं (बॉटांच्या जाळ्याचं) डोमेन सिंकहोलकडे, म्हणजे येणाऱ्यांची नुसती नोंद घेणाऱ्या सर्व्हरकडे, वळवलेलं असतं. तिथे जो येऊन धडकतो त्याचा पत्ता, पोर्ट (त्या पत्त्यावरच्या जोडणीचा क्रमांक), वेळ आणि मालवेअरचं नाव नोंदलं जातं. आपण ती ओळ घेऊन रेडियसच्या, म्हणजे कोणतं खातं कधी जोडलं गेलं हे सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदींत शोधायचं: त्या क्षणी हा पत्ता कुणाच्या खात्यावर होता?

ऐकायला सोपं आहे. खरी मेख इथेच. आपले बरेच ग्राहक सीजीनॅटच्या मागे आहेत. एक सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक घरं वापरतात. पोर्ट नसेल तर त्या पत्त्यामागचं घर सांगता येत नाही. बाहेरच्या सर्व्हरनी पत्त्यासोबत स्रोत पोर्ट आणि अचूक वेळ नोंदवावी, असं आरएफसी ६३०२ने २०११मध्येच सुचवलं, पण सगळे अहवाल तसे येत नाहीत. नमुन्यादाखल काही ओळी हाताने जुळवून पाहिल्या. पोर्टविना आलेल्या एका ओळीमागे घरांची लांबलचक यादी निघाली.

डेस्कवरच्या एकाने सुचवलं, त्या यादीतल्या सगळ्यांनाच सूचना पाठवू, निदान एकाला तरी लागू पडेल. मी विरोध केला. ज्याच्या घरात काही नाही त्याला "तुमचा संगणक बाधित आहे" सांगितलं, तर तो दिवसभर शोधत बसेल, कदाचित पैसे मोजून दुरुस्ती करून घेईल. पुढच्या वेळी खरी सूचना आली तरी तो ती वाचणार नाही.

नियम ठरला: पोर्ट किंवा वेळ, यांपैकी एक जरी नसलं तरी काहीही करायचं नाही.

१३ फेब्रुवारी

वेळेवरून आणखी एक. अहवालांतली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्या नोंदी स्थानिक वेळेत. शिवाय एका गेटवेचं (ग्राहकांच्या लाइनी जाळ्याला जोडणाऱ्या यंत्राचं) घड्याळ मागे पडलेलं आढळलं. पत्ता अधूनमधून बदलतो, त्यामुळे काही मिनिटांच्या फरकाने शेजारचं घर पकडलं गेलं असतं. सर्व गेटवे एनटीपीवर (घड्याळं जुळवून ठेवणाऱ्या सेवेवर) आणले, नोंदी यूटीसीत करायला घेतल्या. घड्याळ भरकटलं तर जुळवणी आपोआप थांबेल, असा पहारा बसवला.

१४ फेब्रुवारी

सिंकहोलवर आलेला प्रत्येक जण बाधित नसतो. कुणी संशोधक ते डोमेन ब्राउझरमध्ये उघडतो, कुणाचं सुरक्षा सॉफ्टवेअर दुवा तपासून पाहतं. म्हणून एका धडकेवर कारवाई नाही. पत्ता बदलल्यानंतरही त्याच खात्यावर तोच प्रकार पुन्हा दिसला, तरच पुढची पायरी.

२० फेब्रुवारी

विधी विभागासोबत बैठक. माझी भूमिका लेखी दिली: आपण ग्राहकाच्या रहदारीच्या आत डोकावणार नाही. बाहेरून आलेली तक्रार आणि आपली खात्याची नोंद, यांच्या जुळवणीपलीकडे काही नाही. कुणी कोणती साइट पाहिली हे या यंत्रणेला कळता कामा नये, आणि प्रकरण मिटलं की त्याची नोंद ठराविक मुदतीत पुसली गेली पाहिजे. मान्य झालं. मला याचं फार समाधान आहे, कारण सफाईच्या नावाखाली टेहळणीचं दार उघडलं की ते पुन्हा बंद करायला कुणी येत नाही.

मग फोनचा मुद्दा. कित्येक घरांत लँडलाइन याच लाइनवर चालते. कप्प्यात टाकलेल्या घरातून आपत्कालीन क्रमांक लागलाच पाहिजे. आरएफसी ६५६१ही तसं बजावतो. फोनची रहदारी वेगळ्या मार्गाने सोडायची आणि प्रत्येक गेटवेवर खरा फोन लावून तपासायचं. घरी वैद्यकीय उपकरण नेटवर चालतं असं ज्यांनी कळवलंय, त्या खात्यांना आपोआप हात लावायचा नाही. तिथे माणूस फोन करेल.

२७ फेब्रुवारी

कप्पा बांधायला घेतला. रेडियसमधून चालू सेशनचं प्रोफाइल (चालू जोडणीला लागू नियम) बदलण्याची सोय आरएफसी ५१७६मध्ये आहेच, म्हणजे सेशन न तोडता ग्राहक आत टाकता आणि बाहेर काढता येतो. बाहेर काढायला काही सेकंद लागतात. हे महत्त्वाचं, सुटका मंद असेल तर लोक चिडतील आणि त्यांचं बरोबर असेल.

अडचण सूचना दाखवण्याची. पूर्वी कुठलीही साइट उघडली की तिच्या जागी आपलं पान दाखवता यायचं. आता जवळपास सगळं एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध, आहे. मध्ये घुसलो तर ब्राउझर प्रमाणपत्राचा लाल इशारा देईल, आणि तो द्यायलाच हवा. खोटं प्रमाणपत्र वापरणं हा विषय मी चर्चेलाही घेतला नाही. मार्ग दोन. फोन आणि संगणक जाळ्याला जोडताना स्वतःच एक साधी तपासणी करतात, तिला आपलं पान उत्तर देईल. दुसरा, डीएचसीपीच्या (उपकरणाला जोडताना पत्ता आणि मांडणी देणाऱ्या सोयीच्या) ११४ क्रमांकाच्या पर्यायातून पानाचा पत्ता कळवायचा. आरएफसी ८९१०मध्ये तो २०२०मध्ये आला. सगळी उपकरणं त्याला दाद देत नाहीत. म्हणून एसएमएस आणि पत्र सोबत हवंच.

नुसतं डीएनएस वळवून भागत नाही. मालवेअर थेट आकडी पत्त्यावर जातं, आणि ब्राउझर आता डीएनएसही कूटबद्ध करून दुसरीकडे विचारतात. म्हणून गाळणी पॅकेटच्या पातळीवर, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (आकडी पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) दोन्हींवर. आयपीव्ही६ राहून गेलं तर कप्प्याची मागची भिंतच नाही.

आत काय उघडं ठेवायचं यावर बराच खल झाला. ऑपरेटिंग सिस्टिमची अपडेट, अँटीव्हायरस कंपन्या, राउटर उत्पादकांची फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) पानं, आपलं खाते-पान, वेबमेल. अपडेट मोठ्या वितरण जाळ्यांवरून येतात आणि त्यांचे आकडी पत्ते सतत बदलतात, त्यामुळे यादी नावांची ठेवली आणि रहदारी प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) नेली. बँकेच्या साइटवर मतभेद. मी विरोधात मत दिलं: पासवर्ड चोरणारं मालवेअर असू शकतं अशा संगणकावरून बँकेचा व्यवहार आपण होऊन उघडून देऊ नये. हेच कारण पानावर सांगायचं.

६ मार्च

आज फक्त सूचनेचा मजकूर. बाकी सगळ्या कामापेक्षा मला हे अवघड वाटतं.

फसवणारे नेमकं हेच सांगतात: तुमच्या संगणकात व्हायरस आहे, लगेच या क्रमांकावर फोन करा, हे सॉफ्टवेअर उतरवा. लोकांना अशा खिडकीवर विश्वास ठेवू नका म्हणून वर्षानुवर्षं शिकवलंय, आणि आता तशीच खिडकी आपण दाखवणार. सावध माणूस ती बंद करेल, आणि भोळ्याला पुढच्या खऱ्या फसवणुकीसाठी आपणच तयार करून ठेवू.

म्हणून ठरवलं: पानावर फोन क्रमांक नाही. "तुमच्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून ही सूचना खरी आहे का ते विचारा," एवढंच. आपलं कुठलंही सॉफ्टवेअर उतरवायला द्यायचं नाही. पासवर्ड, कार्ड, पैसे, काहीही मागायचं नाही, आणि मागणार नाही हे लिहायचं. एसएमएसमध्ये दुवा नाही. खाते-पानावर लॉगिन केल्यावर तीच सूचना तिथेही दिसली पाहिजे, म्हणजे पडताळायला दुसरी जागा मिळते.

मजकुराचा आजचा खर्डा:

"तुमच्या घरच्या जोडणीवरच्या एखाद्या उपकरणात घातक प्रोग्राम चालू असल्याची माहिती आम्हाला मिळाली आहे. तो तुमच्या नकळत आला असावा. तुमचं नेट बंद केलेलं नाही. ते काही काळ दुरुस्तीपुरतं उघडं ठेवलं आहे. फोन आणि आपत्कालीन क्रमांक नेहमीसारखे चालू आहेत. खाली दिलेल्या पायऱ्या करा आणि 'सफाई झाली' हे बटण दाबा. नेट लगेच पूर्ववत होईल."

पहिल्या खर्ड्यात "आपल्या सेवाशर्तींचं उल्लंघन" असे शब्द होते. ते काढायला लावले. ज्याच्या घरात चोर शिरला त्याच्या हातात नोटीस द्यायची नाही. विधी विभागाला शर्तींचा उल्लेख हवाच होता, तो तळाशी लहान अक्षरांत राहिला.

१२ मार्च

'दुरुस्तीच्या पायऱ्या' लिहायला बसल्यावर लक्षात आलं की अहवालांतल्या बऱ्याच ओळींत बाधित गोष्ट संगणक नाहीच. राउटर, कॅमेरा, चित्रीकरण साठवणारी पेटी (डीव्हीआर). तिथे "अँटीव्हायरस चालवा" हा सल्ला निरुपयोगी.

मिराईचं उदाहरण घेऊन पायऱ्या लिहिल्या. २०१६मध्ये हे बॉटनेट टेलनेटचं (उपकरणात दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीचं) दार ठोठावत, कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून उपकरणांत शिरायचं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस कंपनीवर त्याने केलेल्या हल्ल्यात कितीतरी मोठ्या साइट उघडेनाशा झाल्या होत्या. मिराई फक्त मेमरीत राहतं, त्यामुळे उपकरण बंद-चालू केलं की जातं. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत येतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी उपकरण नेटपासून सोडवा, बंद करून चालू करा, पासवर्ड बदला, फर्मवेअर ताजं करा, बाहेरून लॉगिनची सोय बंद करा, मगच पुन्हा जोडा. पानावर आता तीन दारं आहेत: संगणक, राउटर किंवा कॅमेरा, टीव्हीची पेटी. अहवालातल्या मालवेअरच्या नावावरून ग्राहकाला योग्य दारावर नेतो.

याच विषयावरचा डच अभ्यास (२०१९मध्ये प्रसिद्ध झालेला) वरिष्ठांना पाठवला. मिराईने बाधित २२० ग्राहकांची तुलना होती. कप्प्यात टाकून कळवलेल्यांपैकी ९२ टक्क्यांची बाधा १४ दिवसांत गेली. नुसती ईमेल पाठवलेल्यांत आणि काहीच न कळवलेल्यांत फरक दिसला नाही. न कळवताही बरीच प्रकरणं आपोआप मिटतात, ५८ ते ७४ टक्के, हेही त्यात आहे. आपलं यश मोजताना हा आकडा विसरायचा नाही. "आधी फक्त ईमेल पाठवून बघू," हा बैठकीतला आग्रह यानंतर मावळला.

१९ मार्च

'सफाई झाली' बटणावरून वाद. महसूल विभाग म्हणाला, लोक काही न करता बटण दाबतील. दाबतील काही जण. पण यावरही पुरावा आहे. नेदरलँड्समध्येच १,२०८ ग्राहकांच्या १,७३६ विलगीकरणांचा अभ्यास झाला, २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वेळा ग्राहकाला स्वतः बाहेर पडता येत होतं, तरी जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी त्या दोन वेळांतच सफाई केली. सुटका सोपी ठेवल्याने माणसं बेफिकीर झाली नाहीत.

मला याचं आश्चर्य वाटत नाही. बहुतेकांना आपल्या घरातून कुणावर तरी हल्ला होतोय हे कळलं की ते थांबवायचंच असतं. कसं, ते कुणी सांगत नाही.

निर्णय: पहिल्या दोन वेळा ग्राहक स्वतः बाहेर पडेल. तिसऱ्यांदा तक्रार डेस्क फोनवर सोबत बसून सफाई करून घेईल.

२४ मार्च

एका विभागात चाचणी सुरू. पहिल्या दिवशी फोन आले तेवढे अपेक्षित होते. एका निवृत्त गृहस्थांनी बिलावरचा क्रमांक काढून फोन केला आणि सुरुवातीलाच विचारलं, "अहो, हे तुम्हीच पाठवलंय ना? की कुणी फसवतंय?" सेवा केंद्रातली मुलगी म्हणाली, "काका, विचारलंत ते फार बरं केलंत. आम्हीच पाठवलंय." मग राउटरचा पासवर्ड बदलेपर्यंत ती फोनवर थांबली. त्यांनी तो बदलून वहीत लिहून ठेवला. चांगलं केलं, कारखान्याच्या पासवर्डपेक्षा वहीतला लाख पटीने बरा.

२५ मार्च

एका मुलीची ऑनलाइन परीक्षा तासाभरात होती. ती रडकुंडीला आली होती. सेवा केंद्राकडे सोडण्याचा अधिकार नव्हता, डेस्ककडे विचारणा करावी लागली, त्यात वेळ गेला. ती वेळेत बसली, पण हे असं चालणार नाही. आजपासून सेवा केंद्रातला कुणीही, कारण न विचारता, २४ तासांसाठी सुटका देऊ शकतो. एखादा बॉट आणखी एक दिवस चालला तर चालेल.

२ एप्रिल

टीव्हीच्या पेटीचं पहिलं प्रकरण. कुटुंबाने सांगितल्या त्या सगळ्या पायऱ्या केल्या, मूळ मांडणीवर आणली, तरी पुन्हा अहवालात. हा बॅडबॉक्सचा प्रकार: स्वस्त अँड्रॉइड पेट्यांत मालवेअर विक्रीआधीच भरलेलं असतं, त्यामुळे पुसल्यावरही ते परत उभं राहतं. डिसेंबर २०२४मध्ये जर्मनीच्या बीएसआय या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने अशा सुमारे ३०,००० उपकरणांची रहदारी सिंकहोलकडे वळवली, एक लाखाहून अधिक ग्राहक असलेल्या पुरवठादारांच्या मदतीने. तिथेही सल्ला एकच होता: उपकरण नेटपासून सोडवा.

गृहिणीने विचारलं, "मी पूर्ण पैसे देऊन घेतलंय. यात माझी काय चूक?" काहीच नाही. चूक बनवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची, आणि भुर्दंड मात्र तिला. आमच्या हातात एवढंच होतं की अख्ख्या घराऐवजी त्या पेटीच्या ठरलेल्या सर्व्हरकडे जाणारी वाट अडवायची आणि बाकी घर लगेच मोकळं करायचं. तिसऱ्या दाराचा मजकूर बदलला: "हे उपकरण दुरुस्त होण्यासारखं नाही" हे वाक्य आता सुरुवातीलाच आहे, म्हणजे कुणाची संध्याकाळ वाया जाणार नाही. विक्रेत्याकडे परत मागण्यासाठी लेखी दाखला हवा असेल तर आम्ही देणार.

९ एप्रिल

छोट्या कार्यालयांची खाती यंत्रणेतून वगळली. एका बाधित संगणकापायी सगळ्यांचं काम थांबवायचं नाही. आधी फोन, मग संबंधित पोर्टपुरती गाळणी.

तसंच चालू हल्ल्याचं. लाइनवरून त्या क्षणी कुणावर मारा होत असेल, तर सूचनेची वाट पाहता येत नाही. तेव्हा त्या रहदारीपुरता वेग कमी करायचा किंवा पोर्ट अडवायचा. स्पॅमसाठी थेट २५ क्रमांकाचं पोर्ट घरगुती खात्यांवर बंदच. ईमेल पाठवायला ५८७ उघडं आहे.

१६ एप्रिल

चाचणीचा आढावा झाला. यंत्रणा सर्व विभागांत नेण्याला मंजुरी. आदेशातला मजकूर माझ्या विनंतीवरून बदलला: जोडणी खंडित करण्याऐवजी विलगीकरण. पूर्ण बंदचा अधिकार फक्त तक्रार डेस्कच्या प्रमुखाकडे, लेखी कारणासह, ग्राहकाशी बोलणं झाल्यावरच.

राहिलेली कामं: पान इतर भाषांत. दृष्टिहीनांसाठी स्क्रीन रीडरवर तपासणी, ती अजून झालेली नाही आणि त्याआधी विस्तार करायचा नाही, असं मी नोंदवलंय. ओळख चुकली असेल तर ग्राहकाला बिलात सूट, यावर लेखा विभागाचं उत्तर यायचंय. सोमवारी पुन्हा विचारणार.